वॉकीटॉकी डिजिटल ट्रंकिंगवर 'नुसती ऐकायला' वापरता येते का?

खरखर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं स्कॅनरवर रेडिओ संभाषणं ऐकतोय, लिहितो मात्र कमी. इकडची अग्निशमन आणि रुग्णवाहिकांची यंत्रणा पी-२५ या डिजिटल रेडिओ मानकाच्या ट्रंकिंगवर गेली (म्हणजे थोडे चॅनल सगळ्या गटांत सामायिक, कुणाला कुठला ते यंत्रणा दर वेळी ठरवते) आणि माझा स्कॅनर तोतरा झाला. एक वाक्य धड ऐकू येईल तर शपथ. मधले शब्द गायब होतात, नाहीतर बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा आवाज येतो. सिग्नलच्या काड्या मात्र पूर्ण!

मध्यंतरी एक वापरलेला व्यावसायिक हँडसेट हाती आला. पोलीस आणि फायरवाले वापरतात तसला, दणकट. साध्या अ‍ॅनालॉग चॅनलवर लावून पाहिला तर स्कॅनर आणि हा यांची तुलनाच नको. त्यामुळे डोक्यात किडा वळवळतोय. यात ट्रंकिंगची माहिती भरली आणि नुसतं ऐकलं तर? पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, मी दाबणार नाही. वाटल्यास बटणाखाली पुठ्ठ्याची घडी घालीन, चुकूनसुद्धा दाबलं जाणार नाही. मग हरकत कसली?

नुसताश्रोता
+१. मलाही हेच विचारायचं होतं. कुणीतरी सांगितलं की संचाला यंत्रणेच्या यादीत नसलेला आयडी (ओळख क्रमांक) द्यायचा, यंत्रणा नाकारते, पण ऐकण्यापुरतं काम भागतं. खरं का?

डेसिबेल
आधी स्कॅनर तोतरा का झाला ते सांगतो, म्हणजे हँडसेटचा मोह का होतो ते कळेल.

तुमच्याकडे सायमलकास्ट असणार. म्हणजे अनेक मनोरे एकाच वारंवारतेवर एकाच वेळी तेच बोलतात. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात साधारण ३०० मीटर जाते. दोन मनोऱ्यांच्या तुमच्यापासूनच्या अंतरात १० किलोमीटरचा फरक असेल तर एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या ३३ मायक्रोसेकंद मागून येतो. पी-२५ फेज १ (पहिल्या पिढी) मध्ये सेकंदाला ४८०० चिन्हं (माहितीचे तुकडे) जातात, म्हणजे एक चिन्ह २०८ मायक्रोसेकंदांचं. त्याचा सहावा हिस्सा पुढच्या चिन्हावर सांडला. दोन्ही सिग्नल सारख्याच ताकदीचे असले की झाली खिचडी.

त्यात अशा बऱ्याच यंत्रणांमध्ये मनोऱ्यावरून साधं सी-४-एफ-एम (फक्त वारंवारता हलवून माहिती पाठवणं) नसतं, लिनियर सायमलकास्ट मॉड्युलेशन असतं. त्यात माहिती लहरीच्या उंचीत आणि कलेतही (लहर चक्रात कुठे आहे त्यात) असते. जुन्या घडणीचा स्कॅनर एफएमचा डिस्क्रिमिनेटर लावून फक्त वारंवारता किती हलली एवढंच पाहतो, बाकीचं फेकून देतो. व्यावसायिक संच ते फेकत नाहीत. युनिडेनने २०१८ मध्ये एसडीएस-१०० स्कॅनर आणला तो याच दुखण्यावर. त्यात आय-क्यू रिसीव्हर आहे, तो उंची आणि कला दोन्ही पकडतो.

म्हणून काड्या पूर्ण दिसतात आणि आवाज फाटतो. ताकद भरपूर आहे, गाळ झालाय तो वेळेचा. फुकटचा उपाय सांगू? अँटेना आखूड करा किंवा अ‍ॅटेन्युएटर लावा, म्हणजे लांबचा मनोरा बुडेल आणि जवळचा एकटा उरेल. ८५० मेगाहर्ट्झला लहर ३५ सेंटिमीटरची, त्यामुळे स्कॅनर टेबलावर वीतभर सरकवला तरी चित्र बदलतं. सिग्नल कमी करून ऐकणं सुधारतं हे लोकांच्या पचनी पडत नाही, पण करून बघा.

खरखर
@डेसिबेल, वीतभर सरकवल्याने खरंच फरक पडला! पुस्तकांच्या मागे ठेवला की बरा चालतो. धन्यवाद. हँडसेटचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

यंत्रणाचालक
मी अशाच एका यंत्रणेच्या देखभालीत आहे. कुठली ते सांगणार नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतं आणि दर वेळी पुठ्ठ्याच्या घडीसारखाच काहीतरी तोडगा पुढे येतो.

ट्रंकिंगवर संच बोलतो तो फक्त पीटीटी दाबल्यावर, ही समजूतच चूक आहे. संच चालू झाला की आधी कंट्रोल चॅनल (यंत्रणेच्या सूचनांचा चॅनल) शोधतो आणि सापडल्याबरोबर स्वतःहून प्रसारण करून हजेरी लावतो: मी अमुक आयडी, या साइटवर (मनोऱ्याच्या भागात) आलोय. याला नोंदणी म्हणतात. मग सांगतो, मला अमुक टॉकग्रुप (आपसांत बोलणाऱ्यांचा गट) ऐकायचाय. हे अफिलिएशन. नॉब फिरवून ग्रुप बदलला की पुन्हा प्रसारण. दुसऱ्या साइटच्या हद्दीत गेला की पुन्हा. आम्ही इकडून 'आहेस का' विचारलं तर उत्तर देतो. आणि बंद करताना, हे बहुतेकांना माहीत नसतं, 'निघालो' असं सांगून मगच बंद होतो. तुम्ही बटणाखाली पुठ्ठा घातलात, पण तो मुळी बटणाने बोलतच नव्हता.

आता @नुसताश्रोता यांचा यादीत नसलेला आयडी. आमच्या यादीत नसेल तर नोंदणी नाकारली जाते आणि बहुतेक संच तिथेच अडतात, पुढे ऐकूच देत नाहीत. काही हट्टी संच थांबून थांबून पुन्हा विचारतात. कंट्रोल चॅनलवर आत येणारा रस्ता सगळ्या संचांचा सामायिक असतो. ठरलेल्या वेळखाचांमध्ये ज्याला बोलायचं त्याने बोलायचं, दोघे एकदम बोलले तर दोघेही फुकट आणि पुन्हा प्रयत्न. एरवी चालून जातं. मोठ्या आगीच्या वेळी सगळ्यांचीच गडबड असते, तेव्हा त्या रस्त्यावर एक आगंतुक उभा राहून दार वाजवत असतो.

यादीतला आयडी उचलून वापरला तर त्याहून वाईट. आमच्याकडचा एक किस्सा सांगतो. एका फायरमनचा संच मधूनच मुका व्हायचा. त्याला हाक जायची, त्याच्या संचापर्यंत पोहोचायचीच नाही. बॅटरी बदलली, अँटेना बदलली, शेवटी संचच नवा दिला, तोच आयडी भरून. दुखणं तसंच. शेवटी एकाने चिडून सगळ्या नोंदी काढल्या, तर हा एकच आयडी पाच मिनिटांच्या आत दोन साइटवर हजेरी लावतोय, आणि त्या दोन साइट एकमेकींपासून चाळीस किलोमीटरवर! एका भंगारात गेलेल्या संचातली माहिती कुणीतरी उतरवून घेतली होती.

झालं असं की तो ऐकणारा संच चालू करायचा तेव्हा नेटवर्कला वाटायचं, गडी त्या साइटवर गेला. टॉकग्रुपचा आवाज आम्ही सगळ्या मनोऱ्यांवर पाठवत नाही. ज्या साइटवर त्या ग्रुपची हजेरी आहे तिथेच पाठवतो, नाहीतर चॅनल पुरणार नाहीत. खऱ्या फायरमनच्या साइटवर त्या ग्रुपचा दुसरा कुणीच नव्हता. नेटवर्कच्या हिशेबाने ती साइट रिकामी झाली. त्या ऐकणाऱ्याने पीटीटी एकदाही दाबलं नव्हतं, हे मी नोंदी पाहून सांगतो.

नुसताश्रोता
बापरे. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. सापडला का तो?

यंत्रणाचालक
नाही. फायरमनला नवा आयडी दिला आणि जुन्यावर इनहिबिटचा हुकूम लावून ठेवला. त्यानंतर संच पुन्हा चालू झाला असेल तर हजेरी लावता लावताच निकामी झाला असेल. मग आवाजही नाही नि काही नाही, विटेसारखा पडून राहतो. आता आमच्याकडे लिंक लेयर ऑथेंटिकेशन आहे. नेटवर्क एक आव्हान पाठवतं, संचाने त्याच्या आतल्या १२८ बिटांच्या गुप्त एईएस (सांकेतिक) किल्लीने बरोबर उत्तर द्यायचं. नुसता आयडी चोरून भागत नाही. पण सगळीकडे ते चालू केलेलं नसतं.

टणकटाळकं
साहेब, भीती घालू नका. मी सांगतो उपाय. अँटेनाच्या जागी डमी लोड लावायचा. बोलू दे त्याला हवं तेवढं, सगळं उष्णतेत जाईल.

डेसिबेल
@टणकटाळकं, आणि ऐकणार कशातून? भोक तर एकच आहे. :)

कंट्रोल चॅनल ऐकू आला नाही तर ट्रंकिंग संच 'हद्दीबाहेर' म्हणून गप्प बसतो. आणि मनोरा जवळ असेल तर डमी लोडमधून जे झिरपतं तेही पुरतं. तिकडे चांगल्या रिसीव्हरची संवेदनशीलता पाव मायक्रोव्होल्टच्या आसपास असते, म्हणजे सुमारे उणे ११९ डीबीएम. त्यातून मनोऱ्यावर उंच अँटेना. तुमच्या संचाचे तीन वॉट तिकडे किती क्षीण होऊन पोहोचले तरी चालतात याचा हिशेब एकदा कागदावर मांडा.

टणकटाळकं
बरं, मग आतला पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच काढून टाकला तर?

यंत्रणाचालक
तर संच हजेरी लावतोय असं समजेल, उत्तर येणार नाही, आणि मघाशी म्हटलं तसं बहुतेक पी-२५ संच तिथेच अडून बसतील. वर एक चांगला संच वाया गेला.

सौ. अँटेना
रच्याकने, एक सोय खरोखरची असते, ती कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. काही कंपन्यांच्या प्रोग्रॅमिंगमध्ये नॉन-अफिलिएट स्कॅन नावाचा प्रकार असतो. त्यात संच कंट्रोल चॅनल नुसता वाचतो. 'अमुक ग्रुपला अमुक चॅनल दिला' ही घोषणा आली की तिकडे उडी मारून आवाज ऐकतो, हजेरी लावत नाही. शेजारच्या यंत्रणेवर कान ठेवायला अधिकृत लोक हे वापरतात. पण प्रत्येक यंत्रणेसाठी प्रसारण बंदची खूण वेगळी करावी लागते, आणि एका ठिकाणी विसरलात की संच बिनदिक्कत बोलणार. सॉफ्टवेअरचं म्हणणं खरं धरू नका, मोजून बघा.

मी कसं मोजते ते सांगते. ८०० मेगाहर्ट्झच्या अमेरिकी रचनेत मनोरा ८५१ ते ८६९ मध्ये बोलतो आणि संच त्याच्या बरोबर ४५ मेगाहर्ट्झ खाली, ८०६ ते ८२४ मध्ये. कंट्रोल चॅनलच्या आकड्यातून ४५ वजा करायचे आणि तिथे एसडीआर डोंगलचा (संगणकाला लावायच्या छोट्या रेडिओचा) धबधबा, म्हणजे वारंवारतांचं सरकतं चित्र, लावून ठेवायचा. मग संचाला हवे तेवढे त्रास द्यायचे. चालू करा, झोन (चॅनलांचा गट) बदला, ग्रुप बदला, इमर्जन्सीचं नारिंगी बटण दाबा, बंद करा. बंद करताना तर नक्कीच बघा. कुठेही क्षणभर रेष उमटली तर संच मुका झालेला नाही.

आणि ही परीक्षा खऱ्या यंत्रणेसमोर घेऊ नका! नापास झाला तर परीक्षेतच गुन्हा. तंत्रज्ञाकडे सर्व्हिस मॉनिटर असतो, तो ट्रंकिंगचा कंट्रोल चॅनल नकली उभा करतो. बंद खोलीत, केबलने जोडून.

यंत्रणाचालक
सौ. अँटेना यांना दंडवत. शेवटचा परिच्छेद चौकटीत घालून लावायला हवा. एवढंच जोडतो, ही सोय वापरायलाही यंत्रणेची सिस्टिम की (प्रोग्रॅमिंगची परवानगी देणारी किल्ली) लागते, निदान काही कंपन्यांच्या संचांत. ती आमच्याकडून मिळते, परवानगी असेल तर. इकडून-तिकडून बनवलेल्या किल्ल्यांबद्दल इथे विचारू नका.

कलमबहाद्दर
कायद्याचं थोडक्यात, कारण प्रत्येक देशात वेगळं आहे. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने सर्वसामान्यांना सहज ऐकू येणारं पोलीस, अग्निशमन वगैरेंचं संभाषण ऐकायला मुभा दिली. एन्क्रिप्ट केलेलं त्यात बसत नाही. पण विनापरवाना प्रसारण १९३४ च्या दळणवळण कायद्याने बंद आहे, आणि हजेरी हे प्रसारणच आहे. काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावर वेगळी बंधनं आहेत. ब्रिटनमध्ये २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने, जे तुमच्यासाठी नाही ते ऐकणंच मना. भारतात २०२३ च्या दूरसंचार कायद्यात रेडिओ उपकरण नुसतं जवळ बाळगायलाही अधिकारपत्राची अट आहे, सवलती वेगळ्या. तेव्हा 'मी फक्त ऐकतोय' हे उत्तर सगळीकडे पुरत नाही.

खरखर
सगळ्यांचे आभार. संच ट्रंकिंगवर लावायचा बेत रद्द. पण एक पळवाट सुचतेय. ट्रंकिंग विसरून त्यातले आवाजाचे चॅनल साध्या पी-२५ चॅनलसारखे भरले, प्रसारणाची वारंवारता रिकामी ठेवली, आणि स्कॅन लावला तर? हजेरीचा प्रश्नच नाही ना?

डेसिबेल
नाही. साध्या चॅनलवर संच आपणहून काही बोलत नाही. नॅक (यंत्रणेचा ओळख कोड) माहीत नसेल तर रिसीव्हला एफ-७-ई भरा, मग कुठलाही नॅक उघडतो. फेज १ असेल तर ऐकू येईल. पण गंमत अशी की ग्रुप चॅनल बदलत राहणार. प्रश्न एका चॅनलवर आणि उत्तर दुसऱ्यावर. त्यात दहा ग्रुपांचं बोलणं मिसळलेलं. रेल्वे फलाटावर बसून दहा कुटुंबांच्या गप्पा ऐकण्यासारखं. आणि यंत्रणा फेज २ ची असेल तर तेही नाही. तिथे एका १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनलमध्ये दोन वेळखाचा असतात आणि साधा पी-२५ चॅनल म्हणून भरलेल्या संचाला त्या वाचता येत नाहीत.

नुसताश्रोता
टेट्रा आणि डीएमआर या दुसऱ्या डिजिटल रेडिओ मानकांवर हेच का?

यंत्रणाचालक
टेट्रावर हजेरी आहेच, आणि हवेतलं एन्क्रिप्शन बरेचदा चालू असतं. २०२३ मध्ये त्यातल्या टीईए-१ या एन्क्रिप्शन पद्धतीची खरी ताकद ३२ बिटांवर उतरवलेली असल्याचं उघड झालं, त्यावर बराच गदारोळ झाला. पण म्हणून ते ऐकणं कायदेशीर झालं नाही. डीएमआर टिअर ३ म्हणजे ट्रंकिंग, तिथेही नोंदणी. टिअर २ साधा आहे, कलर कोड आणि स्लॉट भरला की संच गप्प बसून ऐकतो.

सौ. अँटेना
@खरखर, ऐकायचंच आहे ना? मग ज्यात ट्रान्समीटरच नाही असं काहीतरी घ्या. युनिकेशनचे जी-४ आणि जी-५ हे पी-२५ ट्रंकिंगचे व्हॉइस पेजर आहेत, सायमलकास्टला हँडसेटच्या तोडीस तोड. किंवा एसडीआर. त्यावर ओपी-२५ किंवा एसडीआरट्रंक हे सॉफ्टवेअर चालवा.

दोन गोष्टी आधीच सांगते, नाहीतर पुढच्या आठवड्यात 'चालत नाही' म्हणून याल. एक, टीव्हीचं साधं डोंगल एका वेळी २.४ मेगाहर्ट्झच्या आसपास पाहतं आणि तुमची यंत्रणा त्याहून पसरलेली असेल. एक डोंगल कंट्रोल चॅनलवर खिळवून ठेवा, दुसरं आवाजामागे धावू दे. दोन, अगदी स्वस्त डोंगलचा स्फटिक ५० पीपीएमने (दशलक्षात ५० भागांनी) चुकू शकतो. ८५० मेगाहर्ट्झला ते ४२ किलोहर्ट्झ होतात, म्हणजे साडेबारा किलोहर्ट्झचे तीन चॅनल ओलांडून तुम्ही भलतीकडेच बसलेले असता. टीसीएक्सओवालं (तापमान बदललं तरी न हलणाऱ्या स्फटिकाचं) घ्या, १ पीपीएमचं.

टणकटाळकं
डोंगलला हँडसेटसारखा आवाज येत नाही पण.

सौ. अँटेना
आवाज स्पीकरला येतो हो, डोंगलला नाही. चांगला स्पीकर लावा.

खरखर
दोन आठवड्यांनी परत येतोय. हँडसेट आता फक्त अ‍ॅनालॉग चॅनलसाठी. तंत्रज्ञाकडून सगळे चॅनल प्रसारण बंद करून घेतले, त्यातली जुन्या मालकाची ट्रंकिंगची माहिती पुसून घेतली. ती अजून होती आत! म्हणजे पहिल्या दिवशी नॉब चुकीच्या झोनवर फिरला असता तर मीच तो चाळीस किलोमीटरवाला झालो असतो. अंगावर काटा आला.

ओपी-२५ लागलं. कंट्रोल चॅनल धावताना बघायला आवाजाइतकीच मजा येते, कोण कुठल्या ग्रुपवर आला-गेला सगळं दिसतं. पोलिसांचे ग्रुप एन्क्रिप्टेड, एईएस-२५६. तिकडचा नाद सोडला.

पण एक कोडं आहे. अग्निशमनचा एक ग्रुप मला दिवसभर ऐकूच येत नाही. रोज सकाळी ८ च्या सुमाराला पंधरा-वीस मिनिटं मस्त वाजतो आणि पुन्हा गुडुप. सिग्नल उत्तम, सेटिंग तेच. डोंगल तापतंय का?

यंत्रणाचालक
डोंगल ठीक आहे. तो ग्रुप दुसऱ्या साइटच्या हद्दीतला असणार. तुम्ही ऐकता त्या साइटवर एरवी त्याची हजेरी लावणारा कुणी नसतो, म्हणून आवाज तिथे पाठवलाच जात नाही. आणि तुम्ही, योग्य कारणाने, हजेरी लावत नाही. ८ ला पाळी बदलते. त्या केंद्रावरचा कुणीतरी ड्यूटी संपवून तुमच्या भागातून घरी जात असेल, खांद्यावर संच चालूच.

खरखर
हा हा! म्हणजे मी रोज एका माणसाच्या घरी जाण्याच्या भरवशावर ऐकतोय.

डेसिबेल
दुसऱ्या साइटचा कंट्रोल चॅनल पकडता येतो का बघा. दिशादर्शी अँटेना, आणि या वेळी पुस्तकांच्या मागे नको.

खरखर
यागी मागवलाय. तोवर गजर पावणेआठचा.